जुनी प्रत घ्यावी की नवी आवृत्ती?

दुकानात एखाद्या गाजलेल्या कादंबरीची नवी कोरी आवृत्ती आहे आणि फ्लोरा फाउंटनच्या किंवा किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर तिचीच साठ-सत्तर वर्षांपूर्वीची प्रत. घरात मराठी पुस्तकांचा संग्रह नुकताच सुरू केला असेल तर कोणती उचलावी?

पुस्तक अजून वाचलेलं नसेल तर नवी. अक्षर ठळक असतं, लोकलमध्ये बिनधास्त नेता येतं, समासात पेन्सिलने खुणा करता येतात. शिवाय हक्क शाबूत असलेल्या पुस्तकाचं मानधन लेखकाला किंवा त्याच्या वारसांना पोचतं. मोठे खंड निघणार असतील तर प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवून टाकावं.

मात्र नवी प्रत उघडून बघितल्याशिवाय घेऊ नका. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं पाचशे पानी पुस्तक दोन वाचनांत सुटं होऊ लागतं. शिलाईची बांधणी मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजी 1950 साली गेले, म्हणून 2011 पासून त्यांची पुस्तकं कोणीही छापू शकतं. अशा पुस्तकांच्या स्वस्त आवृत्त्यांत मुद्रितशोधन झालंय का, हे दोन-तीन पानं वाचून लगेच कळतं.

वाचून झालेलं आणि मनात घर करून राहिलेलं पुस्तक असेल तर जुनी प्रत शोधा. इथे मी उघडपणे जुन्याच्या बाजूचा आहे. 1962 च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि नंतरच्या आवृत्त्यांत बहुतेक ठिकाणी मजकूर नव्या नियमांप्रमाणे बदलला गेला. जुन्या प्रतीत ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असं छापलेलं सापडतं. पहिली दहा पानं अडखळायला होतं, मग डोळा सरावतो आणि लेखकाने स्वतः तपासलेलं पान आपण वाचतोय याचा आनंद मिळतो. नव्या आवृत्तीत कधी मूळ प्रस्तावना गळते, कधी आतली चित्रं. चित्रकार दीनानाथ दलालांचं मुखपृष्ठ जाऊन तिथे भलतंच छायाचित्र आलेलं पाहिलं की जीव हळहळतो. खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, छापलेल्या पानाच्या मागून बोट फिरवा, अक्षरांचा दाब हाताला लागतो. पहिल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत ‘चि. ... यास मुंजीनिमित्त सप्रेम’ असं लिहिलेलं असेल तर ती प्रत माझ्या लेखी अधिक मोलाची.

जुनी प्रत घेताना घाई नको. सन शकात दिलेला असेल तर 78 मिळवा: शके 1860 म्हणजे साधारण 1938. ‘पुनर्मुद्रण’ असं छापलं असेल तर ती पहिली आवृत्ती नव्हे. अनेक जुन्या पुस्तकांत दर सोळा पानांनी तळाशी फर्म्याचा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या जुडीचा, बारीक आकडा असतो. तो ओळीने आला की मधला फर्मा गहाळ नाही हे समजतं. ग्रंथालयाचा शिक्का दिसला आणि ‘बाद’ची नोंद नसेल तर पुस्तक तिथेच ठेवा, ते कुणाच्या तरी मालकीचं आहे. टाचणीएवढी भोकं आणि भुसा दिसला तर आत कीड आहे, ती घरातल्या चांगल्या पुस्तकांनाही लागेल. कागद पिवळा असला तरी चालेल. हलकेच वाकवताच तुटणारा कागद मात्र वाचनाला टिकणार नाही.

सांभाळण्याच्या बाबतीत नवी प्रत सोपी. जुनीला पावसाळ्यात रोज लक्ष लागतं, विशेषतः मुंबईत आणि कोकणात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, म्हणजे ओल आणि वाळवी थेट पोचत नाही.

अजूनही ठरत नसेल तर ग्रंथालयाचं सभासद व्हा आणि तिथली प्रत आधी वाचा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आणि मुंबईचं 1898 पासून हेच काम करत आहे.

दिवाळी अंकांना मात्र हा प्रश्न लागू नाही. त्यांची नवी आवृत्ती सहसा निघत नाही, म्हणून ‘दीपावली’चा जुना अंक मुखपृष्ठासकट धड दिसला तर घासाघीस आवरती घ्या आणि तो घरी आणा.