पॅलिओ डबा: तिखलं पास, बदामाची भाकरी नापास

गेला महिना दुपारचा डबा पॅलिओचा खाल्ला. ठाण्यात एक जोडपं घरूनच हे डबे देतं. नाव लिहीत नाही, माणसं कष्टाळू आहेत. 26 डब्यांचे 9,100 रुपये, म्हणजे डब्याला 350. एवढ्यात आमच्या ऑफिसखाली पोळीभाजीचे तीन डबे येतात.

पॅलिओ म्हणजे शेती सुरू होण्याआधी माणूस जे खायचा, ते खायचं. गहू-तांदूळ, डाळी-कडधान्यं, दूध-दही, साखर बंद. मासे, मटण, अंडी, भाज्या, फळं, सुकामेवा चालतो. सासूबाईंनी यादी ऐकली आणि म्हणाल्या, "अगं, मग जेवायचं काय?"

पहिल्याच दिवशी बांगड्याचं तिखलं आलं. झाकण उघडायच्या आत तिरफळाचा वास शेजारच्या टेबलावर पोचला. दोन जाड तुकडे, अंगाबरोबर रस, वरून कच्चं खोबरेल. सोबत दुधीची भाजी, काकडी आणि छोट्या बाटलीत सोलकढी. माझं माहेर मालवणचं. नावं ठेवायला जागा शोधत होते, मिळाली नाही. आमच्याकडच्या ताटातला भात उचलला की उरलेलं बरंचसं पॅलिओच असतं, हे तेव्हा लक्षात आलं. दुसऱ्या आठवड्यापासून तीन वाजताची झापडही गेली, आणि स्टेशनबाहेरचा वडापाव दिसला तरी पाय थांबेनासे झाले. हे सगळं खरं आहे आणि त्याचे पैसे मी आनंदाने दिले.

गडबड होते ती यांना भात-भाकरीची आठवण येते तेव्हा. बदामाची भाकरी हातात धरली की मधोमध मोडते. पापुद्रा नाही, चव मारी बिस्किटाच्या चुऱ्यासारखी. फ्लॉवरचा "भात" दोन तास डब्यात कोंडून आला की काय वास येतो, ते कल्पनेवर सोडते. बरं, फ्लॉवर अश्मयुगात होता कुठे? कोबी, फ्लॉवर, नवलकोल ही सगळी एकाच रानटी झाडापासून शेतकऱ्यांनी घडवलेली. तिखल्यातली मिरची तर पोर्तुगीजांबरोबर आली. उलट इराकमधल्या शानिदार गुहेत सापडलेल्या निअँडरथल, म्हणजे अश्मयुगातल्या एका आदिमानवाच्या दातांवर जवाच्या जातीच्या गवताचे शिजलेले पिठूळ कण मिळाले आहेत. म्हणजे ज्यांच्या नावाने माझी भाकरी बंद केली, ते दाणे शिजवून खात होते.

एकदा कोशिंबिरीत शेंगदाण्याचं कूट निघालं. शेंगदाणा कडधान्यांच्या कुळातला, म्हणजे वर्ज्य. फोन केला तर डबा आणणारा मुलगा म्हणतो, "मॅडम, शेंगदाणे ड्रायफ्रूटमध्येच येतात ना?" मालकीणबाईंनी मात्र माफी मागून दुसऱ्या दिवशी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं जास्तीचं पाठवलं. माझी काहीच तक्रार नव्हती खरं तर, कोशिंबीर त्या दिवशीच सगळ्यात चांगली लागली होती.

वजन 3 किलो उतरलं. त्याचं श्रेय अश्मयुगाला द्यायला मी तयार नाही. चार वाजताचा फरसाण आणि दोन साखरेचे चहा मीच बंद केले होते. स्वीडनमध्ये उमिओला 70 स्थूल, पाळी गेलेल्या बायकांवर दोन वर्षं प्रयोग झाला. सहा महिन्यांनी पॅलिओवाल्यांची चरबी नेहमीच्या आहारसल्ल्याप्रमाणे जेवणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा जास्त घटली होती, दोन वर्षांनी तो फरक उरला नव्हता. शिवाय पॅलिओ गटात आयोडीन कमी पडलं. हे वाचून मी डब्याचं मीठ विचारलं. सैंधव, बिनआयोडीनचं. आता त्यांना साधं मीठ घालायला सांगितलंय. दूध बंद झाल्यावर कॅल्शियमचं काय, यावर त्यांचं उत्तर "तीळ घालतो ना" एवढंच. पन्नाशीला आलेल्या बाईला ते पुरत नाही, म्हणून रात्रीचं ताक मी चोरून नाही, उघड पिते.

शाकाहारी मैत्रिणीने विचारलं, घेऊ का? मी नको म्हटलं. मासे-अंडी नाहीत, डाळ नाही, पनीर नाही, मग 350 रुपयांत उरतो फ्लॉवर.

पुढच्या महिन्यात मला फक्त बुधवार-शुक्रवार हवाय, माशांचा, भाकरी वगळून. मालकीणबाई म्हणाल्या, कमीत कमी 12 डबे घ्यावे लागतात. मी 8 वर अडून बसलेय.