जिम्नॅस्टिकची फोल्डिंग मॅट घ्यावी का? (दीपा कर्माकरच्या फॅन घरातून रिव्ह्यू)

आधी मालाबद्दल. ४ बाय ८ फुटांची मॅट, दोन इंच जाड, चार घड्या होतात, आत फोम आणि वरून रेक्झिनसारखं कव्हर, दोन्ही टोकांना वेल्क्रो. ऑनलाइन घेतली, सेलमध्ये साडेपाच हजारांच्या आसपास पडली. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण हाच माल तीन-चार नावांनी विकायला आहे, फोटोसुद्धा तेच. आणि त्या फोटोवरूनच माझं डोकं फिरलंय. एक पोरगी हवेत उलटी, खाली ही दोन इंची मॅट, आणि शेजारी चॅम्पियन घडवा वगैरे. अहो, दोन इंचात कसली चॅम्पियन घडवताय!

आमच्या घरी लेक क्लासला जाते आणि आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर, तिचे व्हिडिओ बघून बघून लेकीला २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची व्हॉल्ट फायनल पाठ झालीये, त्यामुळे मॅट आली त्या संध्याकाळी पहिला प्रश्न हाच की आई यावर प्रोडुनोव्हा करता येईल का. नाही बाई. प्रोडुनोव्हा म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: व्हॉल्टचा, म्हणजे टेबलावरून मारायच्या उडीचा, एक प्रकार; जास्तीत जास्त २५ मीटरचा रनअप, स्प्रिंगबोर्डवर उडी, सव्वा मीटर उंच टेबलावर हात टेकून हँडस्प्रिंग, आणि तिथून हवेत पुढच्या बाजूला दोन कोलांट्या मारून पायावर उतरायचं. पुढे फिरताना जमीन शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, म्हणजे अंदाजानेच पाय उघडायचे, आणि फिरणं कमी पडलं तर मान किंवा पाठ. रशियाच्या येलेना प्रोडुनोव्हाने हा १९९९ मध्ये केला म्हणून तिचं नाव, आणि त्यानंतर तो स्पर्धेत नीट उतरवलेल्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच. त्यातली एक आपली अगरतळ्याची दीपा.

स्पर्धेत उतरायची जी मॅट असते ती २० सेंटिमीटर जाड असते, आमच्या मॅटच्या चौपट. आणि तरीसुद्धा गुडघे जातात. दीपाचं सगळं करिअर मला तरी उतरण्याचीच गोष्ट वाटते, म्हणून मॅटच्या रिव्ह्यूमध्ये तिला घुसवतेय, कंटाळा आला तर खाली वेल्क्रोवर जा सरळ.

ती सहा वर्षांची असताना कोच बिश्वेश्वर नंदी सरांकडे आली तेव्हा तिचे तळपाय सपाट होते, आणि सपाट तळपाय जिम्नॅस्टला फार वाईट, उडीतला जोर तिथेच मरतो आणि उतरताना दणका सरळ वर जातो. त्यावर सरांनी वर्षानुवर्षं काम केलं. अगरतळ्यात सामान काय होतं? जुन्या स्कूटरचे पार्ट वापरून केलेला स्प्रिंगबोर्ड, आणि व्हॉल्टच्या टेबलाच्या जागी एकावर एक रचलेल्या क्रॅश मॅट (पडायच्या जाड गाद्या). हे वाचल्यावर मला आमच्या साडेपाच हजारांच्या मॅटची तक्रार करायची जरा लाजच वाटली, पण पैसे दिलेत तर करणारच.

२०१४ ला ग्लासगोच्या कॉमनवेल्थमध्ये व्हॉल्टला ब्राँझ, भारतीय बाईचं जिम्नॅस्टिकमधलं तिथलं पहिलं मेडल. २०१५ ला हिरोशिमात एशियन चॅम्पियनशिपमध्ये परत ब्राँझ, त्याच वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या व्हॉल्ट फायनलला पाचवी. मग एप्रिल २०१६ ला रिओच्या टेस्ट इव्हेंटमधून ऑलिंपिकचं तिकीट. भारताची पहिली बाई जिम्नॅस्ट, आणि पुरुष धरून बघितलं तरी ५२ वर्षांनी कोणीतरी भारतीय जिम्नॅस्ट ऑलिंपिकला गेलं. फिजिओ मात्र फायनलला पोचल्यावर मग पाठवला, आपल्याकडे असंच. फायनलच्या आधी तिचा तेविसावा वाढदिवस आला तर सरांनी तिच्या फोनमधलं सिमच काढून घेतलेलं, फक्त आईवडिलांशी बोलायचं. (माझ्या लेकीला हे सांगितलं तर तिला सर व्हिलन वाटले.)

१४ ऑगस्ट २०१६ ची फायनल. पहिला व्हॉल्ट डबल ट्विस्टवाला त्सुकाहारा, १४.८६६. दुसरा प्रोडुनोव्हा, १५.२६६. सरासरी १५.०६६. ब्राँझ स्वित्झर्लंडच्या गिउलिया श्टाइनग्रुबरला १५.२१६ वर, म्हणजे दीपाचं मेडल ०.१५० ने हुकलं. आता तो प्रोडुनोव्हा स्लो करून बघा. ७.० ची डिफिकल्टी (उडी किती अवघड त्याचे मार्क) तिने हवेत कमावली, दोन्ही कोलांट्या पूर्ण, आणि मग पाय टेकल्यावर ती इतकी खाली बसली की बूड मॅटला लागतंय की काय असं वाटतं, आणि तिथून परत उठून उभी राहिली. त्या उठण्याला काय मांड्या लागत असतील! पण एक्झिक्युशनला (किती सफाईने केली त्याचे मार्क) ८.२६६ मिळाले, आणि थोडी उंच उतरली असती तर... जाऊदे, आमच्या घरी यावर दर आठवड्याला चर्चा होते. त्याच फायनलला ४१ वर्षांच्या ओक्साना चुसोव्हितिनानेही प्रोडुनोव्हा घेतला, ती उतरताना पुढे लोळली आणि सातवी आली. गोल्ड सिमोन बाइल्सला १५.९६६ वर, प्रोडुनोव्हा न करता.

पुढचं तर गुडघ्याचंच आहे. २०१७ ला एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) गेलं, मुंबईत ऑपरेशन झालं. जुलै २०१८ ला तुर्कीत मर्सिनच्या वर्ल्ड चॅलेंज कपमध्ये व्हॉल्टचं गोल्ड घेऊन परत आली, आणि पुढच्याच महिन्यात जकार्ताच्या एशियन गेम्सला सरावात गुडघा परत दुखावला, टीम फायनल सोडावी लागली, तरी बीमवर (अरुंद पट्टीवरच्या कसरतीत) पाचवी आली. नोव्हेंबरला जर्मनीत कॉटबसला ब्राँझ. टोकियो हुकलं. मग डोपिंग, हायजेनामाइन नावाचं बंदी असलेलं द्रव्य सापडलं, नकळत पोटात गेलं असं तिचं म्हणणं, २१ महिन्यांची बंदी जुलै २०२३ ला संपली. इथे बहुतेक जण सोडून देतात. तिने मे २०२४ ला ताश्कंदमध्ये एशियन चॅम्पियनशिपमध्ये व्हॉल्टचं गोल्ड घेतलं १३.५६६ वर, तिशीत, आणि तसं गोल्ड कुठल्याच भारतीयाने आधी घेतलं नव्हतं. रिओपेक्षा दीड पॉइंट कमी पण मला ते रिओपेक्षा भारी वाटतं, मतभेद असतील तर असोत. ऑक्टोबर २०२४ ला रिटायर झाली.

आता वेल्क्रो. एका टोकाची शिवण लवकरच उसवायला लागली, दोरे बाहेर आलेत. चांभाराकडून जाड दोऱ्याने शिवून घेतली, आता बरी आहे. फरशीवर मॅट सरकते, हा सगळ्यात मोठा प्रॉब्लेम, कार्टव्हीलमध्ये हात टेकला की अख्खी मॅट सोफ्याकडे निघते. खाली जुनी योगा मॅट घालून बघा, बराच फरक पडतो. सुरुवातीला रबराचा वास फार होता, गॅलरीत उघडी टाकल्यावर गेला. पावसाळ्यात खालून ओल धरते, तेव्हा पसरून ठेवू नका, घडी करून उभी ठेवा आणि कोरड्या फडक्याने पुसा. धुळीचं म्हणाल तर निळा रंग घ्या, गुलाबीवर पायाचे ठसे दिसतात.

चांगलं काय, तर फोम कडक आहे आणि तेच हवं. मऊ असता तर हँडस्टँडमध्ये मनगट रुततं. भिंतीला लावून हँडस्टँड, ब्रिज, स्प्लिट, साधी कोलांटी, एवढ्याला एकदम मस्त, लेकीचे स्प्लिट सुधारलेत. क्लासच्या सरांनी पण स्पष्ट सांगितलंय की घरी एवढंच, हवेत पाय सुटणारी कुठलीही गोष्ट क्लासमध्ये, पिटमध्ये (फोमने भरलेल्या खड्ड्यात), त्यांच्यासमोर. त्यामुळे ज्यांना घरात फ्लिप शिकवायची हौस आहे त्यांनी ही मॅट घेऊ नका, आणि खरं तर कुठलीच घेऊ नका. आणि खालच्या मजल्यावर कोणी राहत असेल तर आधी सांगून ठेवा. आमच्या खालच्या काकू पहिल्या आठवड्यातच वर आल्या होत्या.

रेटिंग पाचपैकी साडेतीन. अर्धा वेल्क्रोचा कापला, एक त्या जाहिरातीच्या फोटोचा. ऑर्डर करायच्या आधी हॉलमध्ये टेप लावून आठ फूट मोजून घ्या, आमच्याकडे आता टीपॉय बेडरूममध्ये गेलाय.