शाळेचे जुने संगणक: भंगारात, एक्स्चेंजमध्ये, दान की शाळेतच?

नव्या लॅबची फीत कापून झाली की जुने संच जिन्याखालच्या खोलीत जातात. फाटके नकाशे आणि मोडक्या बाकांच्या सोबतीने तीन-चार वर्षे तिथेच पडून राहतात. शाळेची लॅब सांभाळताना वीस संचांची विल्हेवाट लावायची वेळ माझ्यावर दोनदा आली. पहिल्या वेळी आम्ही हार्ड डिस्क नुसत्या फॉरमॅट केल्या आणि सगळे भंगारात दिले. त्या डिस्कवर काय काय होते, हे आठवले की अजून मनात धस्स होते. दुसऱ्या वेळी नीट चौकशी केली. त्यातून जे कळले ते इथे लिहितो.

गिऱ्हाईक शोधण्याआधी दोन गोष्टी. पहिली मालकीची. संच शासनाच्या संगणक शिक्षणाच्या आयसीटी योजनेतून आले, आमदार निधीतून, एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक जबाबदारीच्या निधीतून) की लोकवर्गणीतून, हे जडवस्तू संग्रह नोंदवहीत (डेडस्टॉक रजिस्टरमध्ये) पाहा. देणाऱ्याच्या अटी त्या वेळच्या पत्रात असतात. शाळा व्यवस्थापन समितीचा किंवा संस्थेचा ठराव आणि निर्लेखनाची (वस्तू नोंदवहीतून कमी करण्याची) मंजुरी हातात येईपर्यंत एक माउससुद्धा फाटकाबाहेर जाऊ देऊ नका. जिल्हा परिषदेच्या शाळेत ही मंजुरी वरून घ्यावी लागते, तिला वेळ लागतो.

दुसरी वर्गवारीची. प्रत्येक संच लावून पाहा आणि तीन ढीग करा: चालणारे, एखादा भाग बदलला तर चालणारे, आणि संपलेले. वीसचे वीस एकाच वाटेने पाठवायचे, हीच बहुतेक ठिकाणी चूक होते.

भंगारवाला की नोंदणीकृत रिसायकलर

संपलेल्या ढिगासाठी खरी निवड या दोघांत आहे. भंगारवाला फोन केल्यावर संध्याकाळी टेम्पो घेऊन येतो, रोख पैसे देतो, खोली रिकामी होते. रिसायकलर, म्हणजे ई-कचरा सुटा करून त्यातले धातू-प्लास्टिक पुन्हा वापरात आणणारा, वजन विचारतो, फोटो मागतो, दहा-पंधरा संचांसाठी गाडी पाठवायला कुरकुर करतो आणि भाव कमी देतो. कधी वाहतुकीचा खर्च तुमच्याच माथी मारतो. तरीही मी रिसायकलरच्याच बाजूचा आहे.

कारण टेम्पो गेल्यानंतरच्या गोष्टीत आहे. पत्रा आणि तांबे भंगारवाल्याला सहज विकता येते, बाकीचे पुढच्या हातात जाते. दिल्लीचे सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातले मुरादाबाद ही नावे यासाठीच कुप्रसिद्ध झाली: तांब्यासाठी वायरी जाळायच्या, सोन्याच्या कणांसाठी सर्किट बोर्ड आम्लात बुडवायचे, उरलेले नाल्यात किंवा नदीकाठी. जुन्या पेटीसारख्या सीआरटी मॉनिटरच्या काचेत शिसे असते, एका नगात किलोच्या घरात. त्या काचेला भंगारात भाव नाही, म्हणून ती फोडून टाकून देतात. सुरुवातीच्या अनेक सपाट मॉनिटरमध्ये मागच्या दिव्यांत पारा असतो. हे काम करणाऱ्यांत मुलेही असतात. आपल्या वर्गातल्या मुलांनी ज्यावर पहिल्यांदा स्वतःचे नाव टाइप केले, ती वस्तू दुसऱ्या मुलांच्या फुप्फुसात जावी, हे मला मान्य नाही. यात कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला दोष देत नाही. तो त्याचे पोट भरतो. माल कुठे पाठवायचा, हे शाळेने ठरवायचे असते.

कायद्याचे म्हणाल तर ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात किमान एक हजार उपकरणे वापरणारी संस्था त्यात ‘मोठा ग्राहक’ ठरते आणि तिने ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, दुरुस्तीदार किंवा रिसायकलरलाच देणे बंधनकारक आहे. वीस-तीस संचांची शाळा या व्याख्येत बसत नाही. पण कायद्याने अडवले नाही म्हणून वाट बरोबर ठरत नाही. रिसायकलरचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत आहे का आणि नोंदणी आजच्या तारखेला चालू आहे का, हे स्वतः बघा. नुसत्या व्हिजिटिंग कार्डवर विश्वास ठेवू नका. वजनाची पावती आणि विल्हेवाटीचे प्रमाणपत्र दोन्ही मागा. लेखापरीक्षणात हीच कागदपत्रे कामाला येतात.

गाडी येत नाही यावर एक उपाय आहे. केंद्रप्रमुखांना (आसपासच्या शाळांच्या गटाचे अधिकारी) सांगून केंद्रातल्या सगळ्या शाळांचा माल एका दिवशी एका ठिकाणी आणा. एका शाळेला नकार देणारा माणूस आठ शाळांसाठी आनंदाने येतो. पुण्यात पूर्णम इकोव्हिजनसारख्या संस्था ई-कचरा गोळा करतात आणि त्यातले चालण्याजोगे संगणक दुरुस्त करून शाळांना देतात. जवळ असाल तर आधी तिकडे विचारा.

यूपीएसच्या शिशाच्या बॅटऱ्या मात्र या ढिगातून वेगळ्या काढा. नवी बॅटरी देणारा दुकानदार जुनीचे पैसे वजा करून देतो.

एक्स्चेंज

नवे संच देणारा विक्रेताच जुने उचलतो, हे सगळ्यात सोयीचे. मी याच्या विरोधात नाही, पण दरपत्रके दोन मागवा: जुने देऊन आणि न देता. ‘एक्स्चेंजचा भाव’ पुष्कळदा नव्याच्या किमतीत आधीच चढवलेला असतो. जुने पुढे कुठे जाणार, हे लेखी द्यायला सांगा. टाळाटाळ झाली तर तो माल त्याच भंगारात जाणार आहे असे समजा.

दान की शाळेतच

चालणाऱ्या ढिगासाठी ही जोडी. आणि इथेच सगळ्यात जास्त घाई होते. “सर, चालू आहेत, फक्त थोडे स्लो आहेत,” असे म्हणून वाडीवरच्या शाळेला पाच संच दिले जातात, फोटो निघतो. तिथे दोन शिक्षक, वीज दुपारी जाते, की-बोर्डची तीन बटणे बसलेली. सहा महिन्यांत आपला कचरा त्यांच्या जिन्याखाली गेलेला असतो आणि निर्लेखनाची कटकटही त्यांच्याच गळ्यात पडते. आपल्या वर्गात जो संच आनंदाने लावू, तोच द्यावा. सोबत जास्तीचे माउस आणि की-बोर्ड द्या, एक दिवस जाऊन सगळे लावून द्या, आणि बंद पडल्यावर परत घेऊ असे पत्रावर लिहून द्या. या अटी पाळणार असाल तर दानासारखे काही नाही. नाहीतर करू नका.

मला स्वतःला शाळेतच ठेवणे जास्त पटते. यातले बरेच संच बाद झाले ते विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टचे मोफत सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून. चौथ्या ते सहाव्या पिढीचे इंटेलचे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, पण यंत्र म्हणून ते धडधाकट आहेत. ४ जीबी रॅम असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत प्रणालीची हलकी आवृत्ती चालते. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) बसवला तर मुलांना फरक लगेच जाणवतो. केरळच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षे लिनक्सवरच शिकवतात. इन्स्क्रिप्ट की-बोर्डने मराठी टाइप होते, वर्ड-एक्सेलच्या जागी लिब्रे ऑफिस आहे, आणि यू-डायस, सरल ही शासनाला ऑनलाइन माहिती भरण्याची कामे ब्राउझरमधूनच होतात. अडचण एकच, ती आधी सांगायला हवी: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली शाळेची पत्रे नीट उघडत नाहीत. तेवढ्यासाठी ऑफिसात एक विंडोज संच राहू द्या. असे पाच-सहा संच वाचनालयात ठेवले तर लॅबच्या तासाची वाट न पाहता मुले बसतात.

एखादा बंद टॉवर आठवीच्या वर्गात उघडून दाखवा. रॅम काढून परत लावायला प्रत्येकाला द्या. पॉवर सप्लायचा डबा आणि सीआरटी मात्र कधीच उघडायचे नाहीत. वीज काढल्यावरही त्यांत धोकादायक विद्युतभार राहू शकतो.

डिस्क: कुठलीही वाट निवडा, हे टळत नाही

शाळेच्या संगणकावर काय असते? जनरल रजिस्टरच्या प्रती, आधार क्रमांक, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीसाठी दिलेली बँक खाती, स्नेहसंमेलनातले मुलींचे फोटो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. म्हणजे ही जवळजवळ सगळी बालकांचीच माहिती.

झटपट फॉरमॅट म्हणजे वहीची अनुक्रमणिका फाडणे, पाने जागेवरच राहतात. फुकटच्या प्रोग्रॅमने ती परत वाचता येतात. फिरत्या तबकडीच्या डिस्कवर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदा नवे लिहून घ्या. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून संगणक सुरू करून एनवाइप किंवा श्रेड हा डिस्क पुसणारा प्रोग्रॅम चालवला की झाले. ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात, चार यंत्रे एकदम लावता येतात. एसएसडीला ही पद्धत पुरत नाही, तिथे बनवणाऱ्या कंपनीच्या साधनातून किंवा बायोसमधून (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमधून) सुरक्षित पुसण्याची आज्ञा द्यावी लागते. बंद पडलेली डिस्क ड्रिलने आरपार भोसकावी, डोळ्यांवर संरक्षक चश्मा लावून. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी काचेची असू शकते. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक, तारीख आणि पुसणाऱ्याची सही नोंदवहीत घ्या. हे काम कोणावरही सोडू नका, रिसायकलरवरसुद्धा नाही.

ठराव दिवाळीच्या आसपास घेतला तर मंजुरी, पुसणे आणि गाडी हे सगळे मेच्या सुट्टीआधी उरकते. पावसाळा लागला की जिन्याखाली ओल येते, उंदीर वायरी कुरतडतात, आणि चालणाऱ्या ढिगातले संच संपलेल्या ढिगात जातात.