तिसऱ्या ताऱ्याची जर्सी : अर्जेंटिनाच्या विश्वविजयानंतरच्या जर्सीचे परीक्षण

अर्जेंटिनाच्या तीन तारे असलेल्या जर्सीबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केलेली बरी : ही जर्सी घालून अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक जिंकलेला नाही. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर अंतिम सामन्यात फ्रान्सविरुद्ध जे खेळाडू उतरले, त्यांच्या छातीवरील बोधचिन्हावर दोनच तारे होते, एक १९७८ च्या आणि दुसरा १९८६ च्या विश्वविजयाचा. तिसरा तारा मिळाला तो गोन्झालो मॉन्टिएलने निर्णायक पेनल्टी जाळ्यात धाडल्यानंतर. आणि तो मिरवत संघ पहिला सामना खेळला तो मार्च २०२३ मध्ये, ब्युनोस आयर्सच्या मॉन्युमेंटल मैदानावर पनामाविरुद्ध. जर्सी जमवणाऱ्या मंडळींमध्ये त्यामुळे एक वाद कायम रंगतो : खरी जर्सी कोणती, जिच्यात विजय मिळवला ती, की विजयामुळे जी जन्माला आली ती? दोन ताऱ्यांची जर्सी खेळाडूंची आहे आणि तीन ताऱ्यांची चाहत्यांची, असे माझे मत आहे. इतिहासाचा पुरावा म्हणून जपून ठेवायची असेल, तर पहिली घ्यावी. पण विजय साजरा करण्यासाठी अंगावर चढवायची असेल, तर दुसरीला पर्याय नाही.

हा विजय इतका उशिरा आणि इतका जीव टांगणीला लावून आला की, नंतर काहीतरी विकत घेण्याची इच्छा होणे स्वाभाविकच होते. १९९० मध्ये पश्चिम जर्मनीने आणि २०१४ मध्ये जर्मनीने अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला एका गोलने हरवले होते. २०२२ च्या विश्वचषकाची सुरुवातही सौदी अरेबियाविरुद्धच्या १-२ अशा पराभवाने झाली आणि त्यासोबत ३६ सामन्यांची अपराजित मालिका संपली. अंतिम सामन्यात ८० व्या मिनिटापर्यंत २-० अशी आघाडी होती आणि पुढच्या अवघ्या ९७ सेकंदांत फ्रान्सच्या एम्बापेने दोन गोल करून ती पुसून टाकली. जादा वेळेत पुन्हा ३-२, पुन्हा ३-३, आणि अगदी शेवटच्या क्षणी एकटा समोर आलेल्या फ्रान्सच्या कोलो मुआनीचा फटका गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने डावा पाय लांबवून अडवला. तो पाय चार बोटे आखूड पडला असता, तर हे परीक्षण लिहिण्याचे कारणच उरले नसते. पेनल्टींमध्ये ४-२ असा निकाल लागला आणि ३६ वर्षांची प्रतीक्षा संपली. दोनच दिवसांनी ब्युनोस आयर्समध्ये लाखो लोक रस्त्यावर उतरले, सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली आणि गर्दीमुळे खेळाडूंची उघडी बस पुढे सरकेना, म्हणून त्यांना अखेर हेलिकॉप्टरमधून न्यावे लागले.

आता प्रत्यक्ष जर्सीकडे वळतो. पुढच्या बाजूला पांढऱ्या कापडावर आकाशी उभे पट्टे, खांद्यांवर काळ्या रेघा आणि मागे मानेखाली राष्ट्रध्वजावरील सोनेरी सूर्य, अशी तिची रचना आहे. अर्जेंटिनाच्या जर्सीत फार प्रयोग करण्याची सोय नसते. पट्टे जरा रुंद किंवा जरा अरुंद करण्यापलीकडे आरेखनकाराच्या हाती फारसे काही उरत नाही, आणि हीच तिची खरी ताकद आहे. मागच्या बाजूचा सूर्य मात्र मला विशेष भावला, कारण तो कॉलरखाली अगदी लहान ठेवला आहे आणि केस जरा वाढलेले असतील, तर दिसतही नाही.

ज्याच्यासाठी पैसे मोजायचे, तो तिसरा तारा बोटाने चाचपून पाहण्यासारखा आहे. मी घेतलेल्या फॅन व्हर्जनमध्ये, म्हणजे चाहत्यांसाठीच्या सैल जर्सीत, बोधचिन्ह शिवलेले आहे आणि त्यावरचे तारे सोनेरी धाग्याचे आहेत. जवळून पाहिल्यास धाग्यांची दिशा दिसते, प्रकाश तिरका पडला की ते चमकतात आणि बोट फिरवल्यास कडा किंचित उंच लागते. तिन्ही तारे एकसारख्या मापाचे आणि एकसारख्या शिलाईचे आहेत, नवा तारा मागाहून चिकटवल्यासारखा वाटत नाही, याला माझ्या लेखी फार महत्त्व आहे. जुन्या दोन ताऱ्यांच्या जर्सीवर तिसरा तारा इस्त्रीने चिकटवून विकणारे विक्रेतेही आहेत, आणि तिथे नव्या ताऱ्याची छटा हमखास वेगळी पडते.

छातीच्या मध्यभागी असलेला विश्वविजेत्यांचा सोनेरी बिल्ला हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर करंडकाची आकृती आणि २०२२ हे वर्ष आहे. ही प्रथा फार जुनी नाही; फिफाने २००८ मध्ये ती सुरू केली आणि पहिला मान २००६ च्या विजेत्या इटलीला मिळाला. म्हणजे मॅराडोनाच्या संघाला असा बिल्ला कधीच मिळाला नव्हता. तारा संघाकडे कायमचा राहतो, बिल्ला मात्र पुढचा विजेता ठरेपर्यंतच लावता येतो, त्यामुळे बिल्ला असलेली जर्सी एका ठरावीक कालखंडाची खूण ठरते. बाजारात बिल्ला असलेल्या आणि नसलेल्या अशा दोन्ही जर्सी दिसतात. फरक थोडा असला, तरी बिल्ला असलेलीच घ्यावी असे मी सुचवीन. दिसायला तो चकचकीत आहे, काहींना भडकही वाटेल, आणि चिकटवलेला असल्यामुळे त्या जागी कापड जरा ताठ राहते व घाम आला की तेवढा चौकोन अंगाला चिकटतो. विश्वविजेतेपदाची एवढी किंमत मोजायला माझी हरकत नाही.

खरेदीपूर्वीचा सर्वांत मोठा प्रश्न म्हणजे प्लेयर व्हर्जन घ्यावे की फॅन व्हर्जन. प्लेयर व्हर्जन म्हणजे खेळाडू मैदानात घालतात त्या धर्तीची : हलक्या, जाळीदार कापडाची, अंगाला घट्ट बसणारी आणि वजन कमी राहावे म्हणून बोधचिन्ह शिवण्याऐवजी उष्णतेने चिकटवलेली. फॅन व्हर्जनचे कापड थोडे जाड, माप सैल आणि बोधचिन्ह शिवलेले. दोन्हींमध्ये पुनर्वापर केलेले पॉलिएस्टर आहे आणि किमतीतला फरक मात्र डोळ्यांत भरण्याइतका आहे. महाग ती चांगली, हा आपला नेहमीचा हिशोब इथे लागू पडत नाही. प्लेयर व्हर्जन व्यावसायिक खेळाडूच्या शरीरयष्टीसाठी बेतलेले असते. पोटाचा घेर जरा जरी वाढलेला असला, तरी उभे पट्टे मध्यभागी बाहेरच्या बाजूस वळतात आणि आकाशी-पांढऱ्या रंगांची शोभा निघून जाते. ज्यांना तेच हवे असेल, त्यांनी नेहमीपेक्षा किमान एक माप मोठे मागवावे. विजयाच्या रात्री मिठ्या मारायच्या, उड्या मारायच्या, अनोळखी माणसांच्या खांद्यांवर हात टाकायचे. या सर्व उद्योगांसाठी सैल फॅन व्हर्जनच सोयीचे आहे आणि शिवलेले बोधचिन्ह धुलाईत टिकतेही अधिक.

माझी तक्रार आहे ती जर्सीविषयी नाही, तर पाठीवरच्या छपाईविषयी. ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून मी ही जर्सी मागवली, त्याने नाव आणि क्रमांक छापून देण्याचे वेगळे पैसे घेतले. मी अर्थातच ‘मेस्सी १०’ निवडले. दिसायला काळी अक्षरे सुबक होती, मात्र पहिल्याच धुलाईनंतर शून्याची खालची कड उचलली गेली आणि नंतर ती इतकी सुटत गेली की, नखाने ओढल्यास पट्टीसारखी निघू लागली. जर्सी उलटी करून, गार पाण्यात, हाताने धुतली होती आणि छपाईला इस्त्रीचा स्पर्शही होऊ दिला नव्हता. विक्रेत्याकडे छायाचित्रांसह तक्रार केल्यावर उत्तर आले की, नाव छापलेली जर्सी ‘वैयक्तिक वस्तू’ ठरत असल्यामुळे ती परत घेतली जाणार नाही. ही अट संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली होती, हे खरे. परंतु मत बदलल्यामुळे वस्तू परत करणे आणि सदोष काम झाल्यामुळे तक्रार करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि ग्राहकाची पसंती बदलू नये म्हणून केलेली अट स्वतःच्या निकृष्ट कामासाठी ढाल म्हणून वापरणे हा उघडउघड कांगावा आहे. पत्रव्यवहार बराच लांबला, मात्र पैसे परत मिळाले नाहीत.

छपाई करून घेणाऱ्यांनी दोन गोष्टी विचारूनच पुढे जावे. पहिली म्हणजे अक्षरे अधिकृत संचातील आहेत की विक्रेत्याने स्वतः कापलेली. अधिकृत संचातील अक्षरांचे वळण संघानुसार ठरलेले असते आणि त्याची नक्कल ‘मेस्सी’मधल्या दोन एसच्या वळणातच बहुधा उघडी पडते. दुसरी म्हणजे छपाईत दोष निघाल्यास जबाबदारी कोणाची, आणि याचे उत्तर लेखी घ्यावे. बाह्यांवर कतार विश्वचषकाचे बिल्ले आणि छातीवर अंतिम सामन्याची तारीख-ठिकाण छापून देण्याचा आग्रहही काही विक्रेते करतात. तीन ताऱ्यांच्या जर्सीवर हा मजकूर विसंगत आहे, कारण त्या दिवशीचा सामना दोन ताऱ्यांनिशी खेळला गेला. ज्यांना हा काटेकोरपणा अतिरेकी वाटतो, त्यांनी खुशाल छापून घ्यावा. जाणकार चाहत्याच्या नजरेतून तो सुटत मात्र नाही.

नकली मालाबाबत थोडक्यात सांगायचे, तर आतल्या लहान लेबलवरचा उत्पादन-क्रमांक इंटरनेटवर शोधून पाहावा. तो टाकल्यावर भलताच बूट किंवा दुसऱ्याच संघाची जर्सी समोर आली, तर काय ते समजावे. बोधचिन्हाची आतली बाजूही पाहावी. सुटे धागे लोंबत असतील, तर ती शिलाई घाईची आहे.

घाईच्या शिलाईला फुटबॉलच्या इतिहासात एक सन्माननीय अपवाद आहे, आणि तोही अर्जेंटिनाचाच. १९८६ च्या उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध घातलेल्या निळ्या जर्सी मेक्सिको सिटीतल्या दुकानातून ऐनवेळी विकत आणल्या होत्या, कारण संघाच्या जाड कापडाच्या पर्यायी जर्सी तिथल्या उन्हात नकोशा झाल्या होत्या. त्यांच्यावर बोधचिन्हे घाईघाईने शिवली गेली आणि पाठीवर चकचकीत क्रमांक चिकटवले गेले. त्यातली मॅराडोनाची जर्सी मे २०२२ मध्ये लंडनमध्ये सोदबीज या लिलावसंस्थेच्या लिलावात सुमारे ७१ लाख पौंडांना विकली गेली. मेस्सीने २०२२ च्या विश्वचषकात वापरलेल्या सहा जर्सींना मिळून डिसेंबर २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर मिळाले. आपल्या कपाटातल्या जर्सीला असा भाव कधी येणार नाही, हे ठाऊक असूनही अधिकृत वस्तूचा हट्ट आपण धरतोच.

अखेर जर्सीचे मी काय केले, ते सांगतो. क्रीडासाहित्याची दुरुस्ती करणाऱ्या दुसऱ्या एका कारागिराने जुनी अक्षरे उष्णतेने सोडवून काढली आणि नवी छपाई करण्यापूर्वी नाव कोणते हवे, ते विचारले. एमिलियानो मार्टिनेझचा विचार मनात आला होता, परंतु गोलरक्षकाचा २३ क्रमांक पट्ट्यांच्या जर्सीवर छापणे योग्य दिसले नसते. मी ‘डी मारिया ११’ निवडले. अंतिम सामन्यातला पहिला गोल ज्या पेनल्टीवर झाला, ती त्याला पाडल्यामुळे मिळाली होती, आणि दुसरा गोल, तो तर मेस्सी, आल्वारेझ आणि मॅक ॲलिस्टर यांनी चेंडूला क्षणभरही विसावू न देता पुढे ढकलत आणून दिल्यावर त्याने स्वतः केला. गोल होताच त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्याच्या आधी, जुलै २०२१ मध्ये माराकाना मैदानावर ब्राझीलला हरवून कोपा अमेरिका ही दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा जिंकून देणारा एकमेव गोलही त्याचाच होता. मेस्सीच्या नावाच्या जर्सी जगभर असंख्य आहेत, डी मारियाच्या त्या मानाने कमीच.

नवी छपाई अनेक धुलाया होऊनही पक्की आहे. जुन्या शून्याच्या गोंदाचा पुसट ठसा दुसऱ्या एकच्या दोन्ही बाजूंना अजून दिसतो. कारागिराच्या मते तो हळूहळू जाईल, मला तशी चिन्हे दिसत नाहीत. जर्सीच्या कापडाला आणि शिलाईला मी पाचपैकी साडेचार गुण देतो, विक्रेत्याच्या छपाईसेवेला एक, आणि तोही केवळ पार्सल वेळेवर आल्याबद्दल.