शाळेच्या किटबॅगसाठी घेतलेलं हेल्मेट, मानेच्या गार्डसकट

मी परळच्या एका शाळेत पीटी शिकवते आणि चौदा वर्षांखालच्या मुलींचा क्रिकेट संघ बघते. धोबी तलावाला, मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून संघासाठी हेल्मेटं घेतली. आता ती एक सीझन आणि एक अख्खा पावसाळा वापरून झाली आहेत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या बांधणीची हेल्मेटं बऱ्याच कंपन्या काढतात आणि बघायचं असतं ते आतल्या बाजूला.

पहिल्या दुकानात आत लेबलच नव्हतं. ‘मॅडम, शाळांना हेच जातं,’ एवढं उत्तर मिळालं. तिथून निघाले. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी आधी टेप काढली आणि मुलींच्या डोक्यांची मापं विचारली. मी ती वहीत लिहूनच नेली होती. भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून टेप फिरवून घेतलेली. काकांनी एकेक हेल्मेट उलटं करून आतलं लेबल दाखवलं: बीएस ७९२८:२०१३. हे क्रिकेट हेल्मेटचं ब्रिटिश मानक आहे. यात चेंडू प्रत्यक्ष जाळीवर मारून बघतात की तो पीक (कपाळावरचा पुढे आलेला भाग) आणि चेहऱ्यापुढची जाळी यांच्यामधल्या फटीतून आत शिरतो का, किंवा जाळी दबून चेहऱ्याला लागते का. २०१४ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला आपल्या वरुण आरॉनचा बाउन्सर इंग्लंडच्या स्टुअर्ट ब्रॉडच्या नाकावर गेला होता तो याच फटीतून. मुलांचा चेंडू मोठ्यांच्या चेंडूपेक्षा लहान असतो, त्यामुळे लेबलवर कोणत्या चेंडूने चाचणी झाली तेही वाचा. मोठ्या भावाचं हेल्मेट धाकट्याला देणारे पालक हे कधीच बघत नाहीत.

हेल्मेट अडीच हजाराच्या आसपास पडलं, मानेचा गार्ड वेगळा. बरेच जण हा गार्ड घेत नाहीत, आणि त्याबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये सिडनीला ऑस्ट्रेलियाचा फलंदाज फिलिप ह्यूजला चेंडू लागला तो हेल्मेटच्या खाली, मानेवर. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटली आणि दोन दिवसांनी तो गेला. पंचवीस वर्षांचा होता. हेल्मेट डोक्यावर होतंच, पण ती जागा उघडी होती. हे गार्ड आले ते त्यानंतर. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट बोर्डाने ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या खेळाडूंना वेगवान गोलंदाजी खेळताना ते सक्तीचे केले.

आता वापराचं. कवच हलकं आहे, मुली तक्रार करत नाहीत. मागचा डायल फिरवला की हेल्मेट नीट बसतं. मान जोरात हलवली तरी ते डोक्याबरोबर हललं पाहिजे, डोक्यावर सरकता कामा नये. पण हा डायल बनवणाऱ्याने लांब केसांचा विचार केलेला नाही. पोनीटेल असली की डायल नेमका गाठीवर येतो, मुलगी तो सैल करते, आणि हेल्मेट पुढे कलून पीक डोळ्यांवर येतं. आम्ही सगळ्यांना मानेलगत एकच सैल वेणी घालायला लावतो, मग गार्डही व्यवस्थित बसतो. गार्डच्या क्लिपा मात्र तकलादू आहेत. हेल्मेट किटबॅगेत कोंबलं की निघतात. एक गार्ड आझाद मैदानात हरवला तो सापडलाच नाही. लहान चणीच्या मुलींना वर बघताना गार्ड कॉलरला टेकतो. चार-पाच नेट झाली की सवय होते.

मुंबईचा पावसाळा जाळीला मानवत नाही. स्क्रू सप्टेंबरपर्यंत तांबूस झाले. टायटॅनियमची जाळी गंजत नाही, पण तिची किंमत शाळेला झेपणारी नाही. आतलं अस्तर निघतं, हे चांगलं. ते काढून पंख्याखाली वाळवतो, नाहीतर जो वास सुटतो त्याने मुली हेल्मेट घालायचंच टाळतात. पावसाळ्यात गार्ड काढू नका, असंही सांगेन. मुंबईत पावसाळ्यात होणाऱ्या कांगा लीगची मॅच ज्याने पाहिली आहे त्याला ठाऊक आहे की ओल्या विकेटवर गुड लेंथचा चेंडू कसा अंगावर उसळतो.

एवढं सगळं चांगलं असूनही हेल्मेट जे करू शकत नाही ते दुकानात कोणी सांगत नाही. हेल्मेट कवटी आणि चेहरा वाचवतं. कन्कशन, म्हणजे धक्क्याने मेंदूला होणारी इजा, थांबवण्याची हमी कुठलंच हेल्मेट देत नाही, कारण झटका बसला की मेंदू कवटीच्या आत हलतो.

आमच्या ओपनरला नेटमध्ये पुल मारताना कानाच्या वर चेंडू लागला. कवचाला ओरखडाही नाही. ती पडली नाही, शुद्ध गेली नाही. ‘मॅडम, मी ठीक आहे, बॉल टाका,’ म्हणाली आणि बॅट टेकवून उभी राहिली ती लेग स्टंपच्याही बाहेर. रोज मिडल स्टंपसमोर उभी राहणारी मुलगी. मी विचारलं, आत्ता बॉलिंग कोण करत होतं? तिने जिचं नाव घेतलं ती त्या दिवशी आलीच नव्हती. तिथेच पॅड उतरवायला लावले.

आई न्यायला आली तेव्हा म्हणाली, ‘पण हेल्मेट होतं ना, मॅडम? पुढच्या आठवड्यात सिलेक्शन आहे हो.’ त्या माउलीची काळजी मला कळते. पहाटेच्या लोकलने मुलीला घेऊन येते ती. तिला ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथचं सांगितलं. ऑगस्ट २०१९, लॉर्ड्स. इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू मानेवर लागला, तपासणी झाली, तो त्याच दिवशी परत येऊन खेळलाही. त्रास दुसऱ्या दिवशी जाणवला आणि त्याच्या जागी लाबुशेन उतरला, कसोटीतला पहिला कन्कशन सब्स्टिट्यूट, म्हणजे अशा इजेमुळे आलेला बदली खेळाडू. लक्षणं अशी उशिरा वर येऊ शकतात, म्हणून शंका आली की त्या दिवशी खेळ बंद. रात्रीत उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, एकाचे दोन दिसणं किंवा उठवताना नीट जाग न येणं, यातलं काहीही झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सीटी स्कॅन केला, स्वच्छ आला. घरच्यांना वाटलं, सुटलो. डॉक्टरांनीच समजावलं की कन्कशन स्कॅनमध्ये बहुधा दिसत नाही. मग आधी एक-दोन दिवस विश्रांती आणि मोबाइल जवळपास बंद, मग शाळा, मग चालणं-धावणं, मग बॅटिंग नुसती थ्रोडाउनवर, म्हणजे जवळून हलकेच टाकलेल्या चेंडूंवर, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर पूर्ण नेट. मधल्या पायरीवर डोकं दुखलं तर एक पायरी मागे. सिलेक्शन हुकलं. मुलगी रडली, मलाही वाईट वाटलं, पण पहिला मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर तो कोवळ्या मेंदूला फार महागात पडू शकतो.

भारताचे तेव्हाचे कप्तान नरी कॉन्ट्रॅक्टर यांचं आठवा. १९६२ साली बार्बाडोसला वेस्ट इंडीजच्या ग्रिफिथचा चेंडू डोक्याला लागून कवटी फुटली, वेस्ट इंडीजचा कप्तान फ्रँक वॉरेलसकट काहींनी रक्त दिलं म्हणून ते वाचले. भारताकडून पुन्हा खेळले नाहीत. त्यांच्या डोक्यावर काहीच नव्हतं. आज अडीच-तीन हजारांत मिळणारी वस्तू त्यांच्या काळी अस्तित्वातच नव्हती, आणि तरीही मी शाळेच्या मैदानांवर बिनहेल्मेटची मुलं सिली पॉइंटला, बॅटरच्या अगदी जवळ, उभी बघते. यावर मला खरंच राग येतो.

ज्या हेल्मेटला तो चेंडू लागला ते आम्ही बाद केलं. वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असू शकतो. ते किटबॅगेत परत जाऊ नये म्हणून जाळी काढून टाकली. त्याच काकांकडून त्याच मापाचं दुसरं आणलं, या खेपेला गार्डच्या जादा क्लिपाही मागून घेतल्या. सगळ्यांना मिळून दोन हेल्मेटं, हा प्रकारही बंद केला. बॅटर, कीपर आणि जवळ उभ्या राहणाऱ्या फील्डर यांना आपापल्या मापाचं आहे. लहान मापं शाळा सुरू होताना संपतात, तेव्हा घ्यायचं असेल तर मे महिन्यातच जा, आणि मुलीला बरोबर न्या, वेणी घालून.