मंकी पझल की नॉरफोक पाइन? लावायच्या आधी हे बघा

दोन्ही अरोकेरिया या सूचिपर्णी झाडांच्या गटातलीच, दोन्ही वर्षभर हिरवी, आणि दोन्हींचा आकार असला की बागेत आलेला माणूस आधी तिकडेच बघतो. पण नुसता फोटो बघून ठरवू नका, अर्धा निकाल तुमचं हवामानच लावून टाकतं.

मंकी पझल मूळचं चिली-अर्जेंटिनाच्या अँडीजमधलं, बर्फातलं झाड, साधारण उणे 20 डिग्रीपर्यंत टिकतं पण दमट उकाडा त्याला अजिबात मानवत नाही. नॉरफोक पाइन बरोबर उलट, ते पॅसिफिकमधल्या बेटावरचं, खारा वारा बिनधास्त झेलतं (समुद्राकाठी म्हणूनच इतकं दिसतं), मात्र कडक फ्रॉस्ट पडलं की संपलं.

दिसण्यात मला मंकी पझलच भारी वाटतं. जाड, त्रिकोणी, टोकदार पानं फांदीभर दाटीवाटीने, आणि एकेक पान 10-15 वर्षं सहज राहतं. पण टोचतं हो! वाळकी फांदी उचलायलाही जाड हातमोजे लागतात, त्यामुळे पायवाटेलगत किंवा पोरं खेळतात तिथे नकोच. बिया खाता येतात हे खरं, पण नर-मादी झाडं सहसा वेगळी आणि बी धरायला 30-40 वर्षं, तेव्हा त्या आशेवर लावू नका. नॉरफोकच्या फांद्या मजल्या-मजल्याने आडव्या, कोवळं झाड हाताला मऊ, कुंडीतही वर्षानुवर्षं राहतं, फक्त उजेड कमी किंवा हवा कोरडी असली की खालच्या फांद्या झडतात आणि त्या जागी परत येत नाहीत.

जागेचं म्हणाल तर मंकी पझल 30-40 मीटर, सुरुवातीला अगदी हळू. नॉरफोक जमिनीत 50 मीटरच्याही वर जातं, आणि उंच झालं म्हणून शेंडा छाटू म्हणाल तर दोन्हींचा आकारच बिघडतो. छोट्या बागेत म्हणूनच मी नॉरफोक कुंडीतच ठेवा म्हणेन, थंड प्रदेशात ऐसपैस लॉन असेल तर मात्र डोळे झाकून मंकी पझल.

नॉरफोक घेताना शेंडा शाबूत आहे ना ते बघा, कारण बाजूच्या फांदीपासून केलेलं रोप आडवंच वाढत राहतं. शिवाय त्याच नावाखाली बऱ्याचदा कुक पाइन गळ्यात मारतात, ते दिसतं जवळपास तसंच पण मोठं होताना तिरकं होतं, तेही विषुववृत्ताच्या दिशेने. 2017 च्या एका अभ्यासात वेगवेगळ्या खंडांवरची झाडं मोजून हे दाखवलंय.