विमानात तुटलेली बॅग शालिमारला मस्त दुरुस्त झाली

नाशिकच्या शालिमारजवळच्या गल्लीतल्या बॅग रिपेअरवाल्या काकांना माझ्याकडून पूर्ण पाच स्टार. ओझर एअरपोर्टला बेल्टवरून बॅग आली तर एक चाक गायब आणि ट्रॉलीचं हँडल वाकडं, मला तर रडूच आलं कारण बॅग आईने घेऊन दिलेली. काकांनी नुसतं चाक नाही बदललं, दोन्ही बाजूची चाकं जोडीने बदलली, नाहीतर बॅग एका बाजूला ओढते म्हणे, आणि हँडलचा आतला रॉडच नवीन टाकला. चेनचा रनर पण घट्ट करून दिला, त्याचे पैसे घेतलेच नाहीत!! फक्त शनिवारी जाऊ नका, खूप गर्दी असते.

आणि हो, रिपेअरला टाकायच्या आधी एअरपोर्टवरच एअरलाईनच्या काउंटरला तक्रार लिहून पीआयआर रिपोर्ट (म्हणजे सामान खराब झाल्याची एअरलाईनकडची लेखी नोंद) घ्याच, बॅग टॅग आणि फोटो जपून ठेवा. इंटरनॅशनल असेल तर बॅग हातात आल्यापासून 7 दिवसांत लेखी तक्रार लागते, नंतर कोणी ऐकत नाही. काकांनी बिल व्यवस्थित छापील दिलं, तेच मी क्लेमला जोडलंय.